नवरा-बायकोपैकी एक जण नोकरीला असेल तर दुसऱ्याला आजारपणाचे, बेकारीचे पैसे मिळतात का? जाणून घ्या नियम

अमडापूर (ता. चिखली) : अमडापूर आणि आजूबाजूच्या गावांतली अनेक तरुण मंडळी आता फक्त शेतीवर नाहीत. कोणी चिखली, खामगाव, मलकापूरच्या एमआयडीसीत कामाला जाते, कोणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला किंवा पुण्याकडे चाकण, रांजणगावला खोली करून राहते. घरातला एक जण कंपनीत आणि दुसरा शेतात, असे चित्र घरोघरी दिसते. काही घरांत दोघेही नोकरी करतात. अशा घरातला एक जण आजारी पडला किंवा कंपनीने त्याला कामावरून कमी केले, की पहिले वाक्य कानावर येते, "तुह्या घरी एक पगार येते ना, मंग तुले कायचे पैसे?"

या एका वाक्यामुळे कित्येक जण अर्जच करत नाहीत. दुसरीकडे काही जण घरातली नोकरी लपवून अर्ज करतात आणि पुढे पडताळणीत अडकतात. दोन्हीत नुकसान आपलेच. म्हणून कोणत्या योजनेत जोडीदाराची नोकरी आडवी येते आणि कोणत्या योजनेत येत नाही, याची माहिती एका जागी देत आहोत.

थोडक्यात उत्तर

सरकारी पैशाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार : ज्याच्यासाठी कामगाराच्या स्वतःच्या पगारातून वर्गणी कापली गेली, त्याचे पैसे. हा विमा असतो. इथे फक्त त्या कामगाराचा हिशोब पाहतात. नवरा शिक्षक असो, बायको नर्स असो, घरी दहा एकर शेत असो, काही फरक पडत नाही.

दुसरा प्रकार : गरज पाहून दिलेली मदत. इथे एकट्या माणसाचा नाही, पूर्ण कुटुंबाचा हिशोब होतो. जोडीदाराचा पगार धरला जातो आणि मर्यादा ओलांडली तर नाव बाद होते.

रोजगार हमी या दोहोंच्या मधे बसते. तिथे दिवस कुटुंबाचे मोजतात, पण घरात कोणाला नोकरी आहे हे विचारत नाहीत. आता एकेक योजना पाहू.

आजारपणाचे पैसे : ईएसआयसी

कंपनीच्या पगारपत्रकात 'ईएसआय' किंवा 'ईएसआयसी' नावाने छोटी कपात दिसते. ती कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी असते. योजनेचा कायदा १९४८ चा असून प्रत्यक्ष सुरुवात २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला आहे. मात्र वर्गणी भरा आणि आजारपणात पैसे घ्या, हा योजनेचा गाभा तोच आहे.

महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या योजनेत येतो. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५ हजार आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. १५ हजार पगार असेल तर कामगाराचे महिन्याला सुमारे ११३ रुपये जातात आणि मालकाचे ४८७-४८८ रुपये.

या बदल्यात कामगार आजारी पडला आणि ईएसआयच्या डॉक्टरने विश्रांतीचा दाखला दिला, तर सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. वर्षभरात जास्तीत जास्त ९१ दिवस ती घेता येते. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. हे काळ ठरलेले आहेत. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे आज नोकरी लागली आणि पुढच्या महिन्यात आजारी पडलो, तर हे पैसे मिळणार नाहीत.

सोपा हिशोब करू. सरासरी रोज ५०० रुपये पडत असेल तर ७० टक्के म्हणजे ३५० रुपये. २० दिवसांचा दाखला असेल तर पहिले दोन दिवस धरत नाहीत. राहिले १८ दिवस. १८ गुणिले ३५० म्हणजे ६,३०० रुपये. आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडले, तर दोन दिवसांची ही कपात होत नाही.

इथे जोडीदाराची नोकरी पाहत नाहीत

आजारपणाच्या लाभाच्या अटींमध्ये नवरा किंवा बायको काय करते, किती कमावते, असा प्रश्नच नाही. कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला लागत नाही. रेशनकार्डाचा रंग पाहत नाहीत. सातबारा मागत नाहीत.

समजा अमडापूरची एक महिला चिखलीच्या कारखान्यात पॅकिंगला आहे आणि तिचा नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम शिक्षक आहे. तिला टायफॉइड झाला. तिच्या नावाने ७८ दिवसांची वर्गणी जमा असेल, तर तिला तिचे पैसे पूर्ण मिळतात. नवऱ्याच्या पगारामुळे एक रुपयाही कमी होत नाही.

दोघेही कंपनीत असतील आणि दोघांचीही ईएसआय कपात होत असेल, तर दोघांचे विमा नंबर वेगळे आणि दोघांचे हक्कही वेगळे. डेंग्यूने दोघे एकाच आठवड्यात पडले, तर दोघांनाही आपापले पैसे मिळतात. एकाच घरात दोन लाभ नको, असा नियम इथे नाही.

मोठ्या आजारात जास्त दिवस

क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग यांसारख्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीसाठी वेगळी सोय आहे. ९१ दिवस संपल्यावर पगाराच्या ८० टक्के दराने पुढे पैसे मिळतात आणि हा काळ दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी नोकरीची दोन वर्षे पूर्ण हवीत आणि मागच्या चार वर्गणी काळांत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी हवी.

कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया केली तर पूर्ण पगाराइतकी रक्कम मिळते, पुरुषाला ७ दिवस आणि महिलेला १४ दिवस. कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून पगाराच्या ९० टक्के मिळतात आणि त्यासाठी वर्गणीच्या दिवसांची अट नाही. कामगार महिलेला बाळंतपणासाठी २६ आठवड्यांचा लाभ आहे. मात्र बाळंतपणाचा आणि आजारपणाचा लाभ एकाच काळात घेता येत नाही. ज्या दिवसांचा पगार किंवा पगारी सुटी कंपनीने दिली, त्या दिवसांचे आजारपणाचे पैसेही मिळत नाहीत.

गावी निघून आले की पैसे अडकतात

आपल्या भागातल्या कामगारांचे सर्वात जास्त नुकसान इथे होते. वाळूज किंवा चाकणला माणूस आजारी पडला, एकटा राहतो, जेवणाचे हाल होतात, म्हणून तो थेट एसटी धरून गावी येतो. बायको इथे, आईवडील इथे. ते साहजिकच आहे. पण ईएसआयचा नियम असा की आजारपणाचे पैसे घेणाऱ्याने ठरलेल्या दवाखान्याच्या उपचाराखाली राहायचे आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तो भाग सोडायचा नाही. बरे होण्यात अडथळा येईल असे कामही करायचे नाही. म्हणजे आजारपणाच्या दाखल्यावर गावी येऊन सोयाबीन सोंगायला जाणे किंवा फवारणीचा पंप पाठीवर घेणे महागात पडू शकते.

म्हणून गावी यायचे असेल तर आधी दवाखान्यात सांगावे, परवानगी घ्यावी आणि दाखला बरोबर ठेवावा. अचानक गावी असतानाच आजारी पडले, तर सरकारी किंवा खासगी डॉक्टरचे कागद, तपासणीचे रिपोर्ट, औषधांची बिले तारखेसह जपून ठेवावीत आणि लवकरात लवकर ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्यावीत. असे कागद पर्यायी पुरावा म्हणून मान्य करायचे की नाही, ते कार्यालय ठरवते. पण कागदच नसेल तर विचार करायलाही जागा राहत नाही.

आजारपणाचा लाभ चालू असताना त्या कारणाने कामगाराला कामावरून काढायला कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे.

पैसे वेगळे, उपचार वेगळे

आजारपणाचे रोख पैसे फक्त ज्याच्या नावाने विमा आहे त्यालाच मिळतात. उपचार मात्र कुटुंबालाही मिळतात. ईएसआयच्या कुटुंबात पती किंवा पत्नी धरतात आणि त्यासाठी जोडीदाराच्या कमाईची अट नाही. बायको कंपनीत असेल आणि नवरा शेती करत असेल, तर तिच्या कार्डावर नवऱ्याचेही नाव घालता येते. अवलंबून असलेल्या आईवडिलांसाठी मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे. बऱ्याच बायकांच्या कार्डावर नवऱ्याचे नाव घातलेलेच नसते, कारण 'कुटुंब म्हणजे पुरुषाच्या कार्डावरचे' अशी समजूत. ते नाव कंपनीच्या एचआरकडून किंवा ऑनलाइन जोडून घ्यावे.

कामावरच्या अपघातात कामगाराचा मृत्यू झाला तर आश्रितांना दरमहा पैसे मिळतात. विधवेचा हिस्सा तीन पंचमांश असतो आणि तो तिला पुनर्विवाह होईपर्यंत मिळतो. ती स्वतः नोकरी करते म्हणून तो बंद होत नाही.

नोकरी गेली तर : अटल योजना

आपल्याकडे सर्वांना लागू होईल असा बेकारी भत्ता नाही. पण ईएसआयमध्ये असलेल्या कामगारासाठी १ जुलै २०१८ पासून 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. सुरुवातीला तीत रोजच्या सरासरी पगाराच्या २५ टक्के मिळत होते. कोरोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ते ५० टक्के झाले. जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच हा लाभ घेता येतो. रोज ५०० च्या हिशोबाने ९० दिवसांचे २२,५०० रुपये होतात.

अटी अशा. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षे विम्याखाली नोकरी झालेली असावी. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी काळात ७८ दिवस आणि दोन वर्षांतल्या बाकी तीनपैकी एका काळात ७८ दिवस वर्गणी असावी. गैरवर्तनामुळे काढले असेल, वय झाल्याने निवृत्त झाले असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर पैसे मिळत नाहीत. दोन ठिकाणी काम करत असेल तर दोन्ही ठिकाणचे काम गेलेले असावे.

नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी दावा करता येतो. पूर्वी मालकाच्या सहीवाचून अर्ज पुढे सरकत नव्हता, आता कामगार स्वतः अर्ज करू शकतो. या योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आले आहे, त्यामुळे अर्जाच्या वेळी ती चालू आहे ना, हे शाखा कार्यालयात विचारून घ्यावे.

याशिवाय १ एप्रिल २००५ पासूनची 'राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना' आहे. कारखाना बंद पडला, कायद्यानुसार कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघाताने कायमचे अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आले, तर पहिली १२ महिने ५० टक्के आणि पुढची १२ महिने २५ टक्के रक्कम मिळते.

या दोन्ही योजनांत 'तुमची बायको कमावते का' असा रकाना नाही. वर्गणी कामगाराने भरली, नोकरी कामगाराची गेली, पैसे कामगाराचे. पीएफचेही तसेच. तो कामगाराच्या नावाचा पैसा आहे. नोकरी गेल्यावर तो काढण्याच्या अटी वेगळ्या, पण जोडीदार नोकरीला आहे म्हणून तो अडत नाही.

रोजगार हमी : दिवस कुटुंबाचे, हक्क प्रत्येकाचा

गावात राहून काम मागणाऱ्यासाठी बेकारी भत्ता आहे, पण तो रोजगार हमीच्या कायद्यात लपलेला आहे. हमीची कल्पना मुळात महाराष्ट्राची. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. केंद्राचा कायदा २००५ मध्ये आला.

मनरेगाच्या नियमाप्रमाणे काम मागितल्यावर १५ दिवसांत काम दिले नाही, तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव आणि नंतर किमान अर्धा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राचा मजुरी दर ३१२ रुपये होता. त्या हिशोबाने पाव म्हणजे ७८ रुपये आणि अर्धा म्हणजे १५६ रुपये रोज.

आता नवरा-बायकोचा प्रश्न. नवरा रोज मोटरसायकलने चिखलीला कंपनीत जातो, महिन्याला १४ हजार आणतो. बायकोने ग्रामपंचायतीत काम मागितले, तर तिला नाही म्हणता येते का? नाही. अंगमेहनतीचे काम करायला तयार असलेली गावातली कोणतीही प्रौढ व्यक्ती काम मागू शकते. दारिद्र्यरेषेची अट नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, जोडीदाराच्या नोकरीची अट नाही. नवऱ्याचे कंपनीतले दिवस रोजगार हमीच्या दिवसांत धरत नाहीत. धरतात ते फक्त जॉबकार्डावर केलेले दिवस.

मात्र केंद्राच्या कायद्यात १०० दिवसांची हमी पूर्ण कुटुंबाला मिळून आहे. एका जॉबकार्डावर नवरा-बायको दोघांनी ५०-५० दिवस काम केले की वर्षाची हमी संपली आणि त्यासोबत भत्त्याचा हक्कही संपला. इथे जोडीदाराचे काम आडवे येते, पण ते हमीवरचे काम, बाहेरची नोकरी नाही. कामावर बोलावूनही गेले नाही, तरी भत्ता बंद होतो.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी 'व्हीबी-जी राम जी' नावाने ओळखला जाणारा नवा कायदा मंजूर केला. त्यात कुटुंबाला वर्षाला १२५ दिवसांची हमी आहे, म्हणजे मोजमाप कुटुंबाचेच राहिले. अर्ज देताना सध्या कोणते नियम आणि कोणता दर चालू आहे, ते ग्रामरोजगार सेवकाकडून समजून घ्यावे.

भत्ता मिळत नाही याचे मोठे कारण म्हणजे कामाची मागणी तोंडी केलेली असते. "साहेब, काम हाये का?" असे विचारणे म्हणजे अर्ज नव्हे. नमुना ४ मध्ये लेखी मागणी द्यावी आणि तारखेची पोच घ्यावी. पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजतात. पोच नसेल तर भत्त्याचा दावा उभाच राहत नाही.

मनरेगाच्या कामावर मार लागला तर उपचार मोफत असतात आणि दवाखान्यात भरती राहावे लागले तर किमान अर्धी मजुरी रोजचा भत्ता म्हणून मिळते. तिथेही जोडीदाराची कमाई विचारत नाहीत.

इथे मात्र जोडीदाराचा पगार धरतात

*संजय गांधी निराधार अनुदान योजना.* निराधार, विधवा, दिव्यांग, तसेच कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात यांसारख्या आजारामुळे काम न करू शकणाऱ्या ६५ वर्षांखालील व्यक्तींसाठी ही योजना आहे. जुलै २०२३ पासून अनुदान महिन्याला १,००० वरून १,५०० रुपये झाले. पण सर्वसाधारण अर्जदारासाठी अट कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची, २१ हजार रुपयांपर्यंत. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. जोडीदार पूर्णवेळ नोकरीला असेल तर ही अट पूर्ण होणे शक्यच नाही. बायको आजाराने अंथरुणाला खिळली आहे, पण नवरा कंपनीत १२ हजार कमावतो, तर वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात आणि अर्ज बसत नाही. दिव्यांगांसाठी अनुदान आणि अटी वेगळ्या आहेत, त्या तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचाराव्यात.

*मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना.* ही बेकारीची योजना नाही, पण काम सुटलेल्या बहुतेक महिला पहिल्यांदा हिचाच विचार करतात, म्हणून इथे घेतली. जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या पात्र महिलांना महिना १,५०० रुपये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावे, म्हणजे महिन्याला साधारण २०,८३३ रुपये. कुटुंबात पती, पत्नी आणि अविवाहित मुले धरतात.

नवरा सरकारी नोकरीत कायम असेल तर बायको अपात्र. कुटुंबात कोणी आयकर भरत असेल तरी अपात्र. नवरा खासगी कंपनीत असेल तर सरळ उत्पन्नाचा हिशोब लागतो. त्याचे महिना १५ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ८० हजार, मर्यादेच्या आत. पण बायकोही ९ हजारांवर कामाला असेल तर दोघांचे मिळून २ लाख ८८ हजार होतात, मर्यादेच्या बाहेर. २०२५ मध्ये पडताळणी आणि ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा सरकारी सेवेतल्या महिलांनीही लाभ घेतल्याचे उघड झाले. म्हणून खोटी माहिती भरू नये.

उत्पन्न कितीही असो, हे मिळते

*क्षयरोगाच्या रुग्णाला पोषणासाठी पैसे.* निक्षय पोषण योजनेत सरकारकडे नोंद झालेल्या प्रत्येक टीबी रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत थेट खात्यात पैसे येतात. एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. रुग्णाच्या घरात पगार आहे की नाही, हे पाहत नाहीत. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असला तरी नोंद झाली पाहिजे.

*महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना.* २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी' नावाने ती सुरू झाली. २०२३ च्या निर्णयाने पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातल्या सर्व कुटुंबांना ती खुली झाली आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांची झाली. इथे दवाखान्याचा खर्च मिळतो, बुडालेली मजुरी मिळत नाही. दवाखाना योजनेच्या यादीत आहे का, ते भरती होण्याआधी विचारावे.

*बांधकाम कामगार मंडळ.* मिस्त्री, बिगारी, सेंट्रिंगवाले यांनी मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केले असेल तर नोंदणी होते. नवरा-बायको दोघेही खरोखर बांधकामावर असतील तर दोघांची नोंदणी वेगळी होऊ शकते. जोडीदाराची दुसरी नोकरी नोंदणीला आडवी येत नाही, पण ९० दिवसांचे काम खरे हवे.

असा फरक का?

हा फरक फक्त आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये स्वतःच्या वर्गणीवर मिळणारा बेकारी भत्ता सहा महिन्यांपर्यंत मिळतो आणि त्यात जोडीदाराचा पगार धरत नाहीत. गरज पाहून मिळणाऱ्या मदतीत मात्र दोघांचे उत्पन्न एकत्र मोजतात. जर्मनीतही वर्गणीचा भत्ता वेगळा आणि पूर्ण घराचा हिशोब पाहून दिलेली मदत वेगळी.

कारण साधे आहे. पीकविम्याचा हप्ता भरला आणि पीक गेले, तर 'तुमच्या भावाचे पीक बरे आले ना' असे म्हणून भरपाई नाकारत नाहीत. ज्याने हप्ता भरला, नुकसान ज्याचे झाले, पैसे त्याचे. अनुदान मात्र सर्वांच्या करातून येते, म्हणून ते द्यायच्या आधी घरात किती येते ते पाहतात. त्यामुळे कोणी 'घरात पगार आहे' म्हणून अर्ज नाकारला, तर पहिला प्रश्न हा विचारावा : ही योजना वर्गणीची आहे की अनुदानाची? वर्गणीची असेल तर ते कारण चालत नाही. नकार लेखी मागावा.

नेहमी पडणारे प्रश्न

*कंपनीने पगारातून ईएसआय कापला, पण भरलाच नाही. मग?* मालकाच्या चुकीमुळे कामगाराचा हक्क बुडू नये, यासाठी कायद्यात सोय आहे. महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. पगाराच्या पावत्या जपून ठेवा आणि विमा नंबर टाकून वर्गणी जमा होते का, ते ऑनलाइन पाहत जा.

*ठेकेदाराकडे काम आहे, कपात होत नाही. आजारपणाचे पैसे मिळतील का?* ईएसआय साधारणपणे १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो. ठेकेदाराचा कामगारही त्यात येतो. आधी विमा नंबर मागा. नंबरच नसेल तर लाभ नाही.

*बायकोच्या पगाराची माहिती ईएसआयच्या अर्जात लपवावी का?* लपवायची गरजच नाही, तिथे ती विचारत नाहीत. लाडकी बहीण आणि निराधारच्या अर्जात मात्र ती खरी द्यावी लागते.

*मोबाइलवर 'महाराष्ट्र बेरोजगारी भत्ता ५,००० रुपये, लिंकवर फॉर्म भरा' असा मेसेज आला. खरा आहे का?* राज्यात सुशिक्षित बेरोजगारांना घरबसल्या दरमहा ५,००० देणारी योजना चालू नाही. २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी. तिच्यात प्रत्यक्ष कामावर जाऊन विद्यावेतन मिळते, बारावी पासला ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८ हजार, पदवीधराला १० हजार. अनोळखी लिंकवर आधार, बँक खाते आणि ओटीपी देऊ नका.

कुठे जायचे, काय न्यायचे

ईएसआय आणि अटल योजनेसाठी : विमा नंबर, आधार, बँक पासबुकची झेरॉक्स, डॉक्टरचा दाखला, पगाराच्या पावत्या. ईएसआयसीचा टोल फ्री नंबर १८००-११-२५२६.

रोजगार हमीसाठी : जॉबकार्ड, नमुना ४ आणि त्याची पोच. आधी ग्रामरोजगार सेवक किंवा ग्रामपंचायत, तिथे दाद लागली नाही तर चिखली पंचायत समिती.

निराधार योजनेसाठी : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, आजाराचे वैद्यकीय प्रमाणपत्र. चिखली तहसील कार्यालय किंवा आपले सरकार सेवा केंद्र.

उपचाराच्या योजनेसाठी : रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटावे. टोल फ्री नंबर १५५३८८.

अर्ज कोणताही असो, जमा केल्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. आणि पुढच्या पगाराच्या दिवशी पावतीवर ईएसआयची ओळ आहे का, एवढे आजच पाहून ठेवावे.